कीट्सचे कागद: आधी अक्षर कुणाचं ते पाहा

प्रश्न असा आला आहे: "एम.ए.च्या प्रबंधासाठी इंग्रजी कवी जॉन कीट्स घेतला आहे. त्याची सगळी मूळ हस्तलिखितं आणि पत्रं हार्वर्डच्या होटन ग्रंथालयात आहेत आणि त्यांचे स्कॅन घरबसल्या पाहता येतात असं कळलं. मग छापील आवृत्त्या बाजूला ठेवून थेट त्याच्या अक्षरातूनच वाचलं, तर अस्सल कीट्स हाती लागेल ना? सुरुवात कुठून करू?"

उत्साह चांगला आहे, पण प्रश्नातच दोन गैरसमज आहेत. एक, सगळं हार्वर्डला नाही. दोन, हार्वर्डला जे आहे त्यातलं पुष्कळ कीट्सच्या अक्षरातलं नाही. माझी अठ्ठावीस वर्षं हस्तलिखितांच्या सूची करण्यात गेली, थोडी इंग्लंडात, बाकीची आपल्याकडे. या काळात एक सवय हाडात मुरली आहे. कागद पुढ्यात आला की त्यावर काय लिहिलंय हे नंतर वाचायचं. कुणी लिहिलंय आणि हा कागद इथवर कुणाकुणाच्या घरून आला, हे आधी पाहायचं. कीट्सच्या बाबतीत ही सवय नसेल तर पदोपदी फसायला होतं.

कीट्स 23 फेब्रुवारी 1821 रोजी रोममध्ये वारला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या मागे 'दप्तर' म्हणावं असं काही नव्हतं. हँपस्टेडला ज्याच्या घरात तो राहत होता त्या चार्ल्स ब्राउनकडे काही कागद होते. प्रकाशक टेलर आणि त्यांचा कायदेशीर सल्लागार रिचर्ड वुडहाउस यांच्याकडे काही. शेवटच्या दिवसांत उशाशी बसलेल्या जोसेफ सेव्हर्नकडे काही. भाऊ जॉर्ज 1818 मध्येच अमेरिकेला गेला होता, त्याची पत्रं केंटकीतल्या लुइव्हिलला. धाकटी बहीण फॅनी पुढे एका स्पॅनिश गृहस्थाशी लग्न करून माद्रिदला गेली, तिची पत्रं तिच्यासोबत. आपल्याकडे एखाद्या सरदार घराण्याचे कागद भाऊबंदकीत वाटले जाऊन चार गावांच्या माळ्यांवर पडावेत, तसंच हे झालं. फरक एवढाच की कीट्सच्या मित्रांमध्ये भाऊबंदकी कागदांवरून नव्हती, त्याचं चरित्र कुणी लिहायचं यावरून होती. या भांडणात पंचवीसेक वर्षं गेली. अखेर ब्राउनने 1841 मध्ये न्यूझीलंडला जाताना आपल्याजवळचं सगळं रिचर्ड मंक्टन मिल्न्सच्या हवाली केलं आणि 1848 मध्ये मिल्न्सचं चरित्र निघालं. हाच मिल्न्स पुढे लॉर्ड होटन झाला. हार्वर्डच्या ग्रंथालयाचं नाव मात्र त्याच्यावरून नाही. ते आर्थर होटन या अमेरिकन दात्याचं. स्पेलिंग एकच असल्यामुळे भलेभले गोंधळतात, मीही गोंधळलो होतो.

हार्वर्डचा संग्रह जगातला सर्वांत मोठा, यात वाद नाही. त्याचा पाया एमी लोवेल या अमेरिकन कवयित्रीने घातला. तिने आयुष्यभर कीट्सचे कागद विकत घेतले, 1925 मध्ये त्याचं चरित्र छापलं आणि त्याच वर्षी वारताना सगळं हार्वर्डला देऊन गेली. आर्थर होटनने स्वतःचा कीट्ससंग्रह दिला, इमारतही दिली, ती 1942 मध्ये उघडली. पण 'ओड टू अ नाइटिंगेल'चा कच्चा खर्डा केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. 'हायपीरियन' लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 'एंडिमियन'ची छापखान्यासाठी केलेली स्वच्छ प्रत न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात आहे. कीट्सच्या वापरातली काही पुस्तकं हँपस्टेडच्या त्याच घराच्या संग्रहात आहेत. त्यातल्या शेक्सपिअरच्या एका जाडजूड प्रतीत 'हॅम्लेट' संपून 'किंग लिअर' सुरू होतं तिथल्या मोकळ्या जागेत, लिअर पुन्हा वाचायला घेताना लिहिलेलं सुनीत त्याने स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवलंय. हे सुनीत छापील संग्रहात वाचणं आणि लिअरच्या उंबरठ्यावर वाचणं यात किती अंतर आहे, ते तुम्हीच पाहा.

काही कागद तर तुकड्यातुकड्यांनीच उरले आहेत. 'आय स्टुड टिप-टो' या कवितेचा खर्डा चार्ल्स काउडन क्लार्ककडे होता. क्लार्क कीट्सच्या शाळामास्तरांचा मुलगा आणि त्याचा जिवाभावाचा मित्र. कीट्सचं नाव झाल्यावर त्याच्या अक्षराचा नमुना मागायला लोक येऊ लागले, तेव्हा या भल्या माणसाने कात्री घेतली आणि खर्ड्याच्या पट्ट्या करून वाटल्या. सेव्हर्ननेही 'इझाबेला'च्या खर्ड्याचं तेच केलं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, प्रसाद वाटावा तसं वाटलं. आज या पट्ट्या युरोप-अमेरिका दोन्हीकडे पसरल्या आहेत. 2013 मध्ये 'टिप-टो'चा एक तुकडा लंडनच्या लिलावात दीड लाख पौंडांहून जास्त किमतीला गेला.

आता अक्षराकडे येऊ. होटनच्या सूचीत 'एमएस कीट्स 1' म्हणजे पत्रं, '2' म्हणजे कविता, '3' म्हणजे नकला आणि '4' म्हणजे मित्रमंडळींचे कागद, असे ढोबळ गट आहेत. नवखा विद्यार्थी पहिल्या दोन गटांवर झडप घालतो आणि तिसऱ्याकडे ढुंकून पाहत नाही. मी म्हणेन, तिसऱ्यापासूनच सुरुवात करा. वुडहाउस हा वकिली शिस्तीचा माणूस. कीट्स मोठा कवी आहे हे त्याने कीट्स जिवंत असतानाच ओळखलं आणि हाती लागेल ती कविता नि पत्र वह्यांत उतरवून घेतलं. कुठून उतरवलं, कधी उतरवलं, मूळ प्रतीत शब्द कसा होता, याच्या टिपा समासात केल्या. आपल्या परंपरेत तुकोबांच्या अभंगांना संताजी जगनाडे भेटले, तसा कीट्सला हा वुडहाउस भेटला. कित्येक कविता आणि पत्रं केवळ त्याच्या वह्यांमुळे शिल्लक आहेत, मूळ कागद गेले.

सगळेच नकलाकार वुडहाउस नव्हते. याचा सर्वांत झणझणीत नमुना म्हणजे 'निगेटिव्ह केपॅबिलिटी'. तुमच्या प्रबंधात हा शब्दप्रयोग येणारच, तो न येणारा प्रबंध मी पाहिलेला नाही. अनिश्चितता, गूढ, शंका यांच्यात माणसाने तथ्याच्या मागे न धावता राहू शकणं, असा त्याचा गाभा. कीट्सच्या साऱ्या लेखनात हा शब्द एकदाच येतो, जॉर्ज आणि टॉम या भावांना लिहिलेल्या एका पत्रात. ते पत्र आज नाही. आहे ती नक्कल, आणि ती केली जॉन जेफ्री या गृहस्थाने. जॉर्ज वारल्यावर त्याच्या विधवेने ज्याच्याशी लग्न केलं तो हा. मिल्न्सच्या चरित्रासाठी त्याने 1845 मध्ये घरातल्या पत्रांच्या नकला करून पाठवल्या. जिथे त्याची नक्कल आणि मूळ पत्र दोन्ही उरली आहेत तिथे ताडून पाहिलं की कळतं, हा माणूस कंटाळला की मजकूर गाळायचा आणि अक्षर लागलं नाही की अंदाज करायचा.

या पत्रावर जेफ्रीने तारीख घातली आहे: रविवार, 22 डिसेंबर 1818. इथे जरा थांबू, कारण आमचा धंदा नेमका काय असतो ते यावरून कळेल. पत्र जॉर्ज आणि टॉम दोघांना आहे. टॉम क्षयाने 1 डिसेंबर 1818 रोजी गेला. जॉर्ज त्याआधीच अमेरिकेत होता. तेव्हा साल चुकलं, ते 1817 हवं. बरं, 1817 धरलं तर 22 डिसेंबरला सोमवार येतो, रविवार 21 ला. म्हणजे दिवसाचा आकडाही डळमळीत. पत्रात एडमंड कीन या नटाच्या रंगभूमीवर परतण्याचा उल्लेख आहे, तोही डिसेंबर 1817 शीच जुळतो. पुढचा मजकूर त्याच रविवारचा नाही, नंतर काही दिवसांनी जोडलेला दिसतो. म्हणून हायडर रोलिन्सने 1958 च्या पत्रसंग्रहात 21 आणि 27 डिसेंबर 1817 अशा तारखा दिल्या आणि दुसरीपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. जी तारीख आणि वार धड उतरवू शकत नाही त्या माणसाच्या भरवशावर इंग्रजी समीक्षेतली एक अख्खी संकल्पना उभी आहे! ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण प्रबंधात 'कीट्सने लिहिलं' म्हणताना तळटीपेत 'जेफ्रीच्या नकलेनुसार' एवढे शब्द घाला. परीक्षक जाणता असेल तर तिथेच तुमच्याविषयी त्याचं मत बनेल.

मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका वहीतल्या कवितेवर दोन दिवस घासले होते. कवीने एका ठिकाणी शब्द खोडून दुसरा घातला होता, त्यावर पानभर टिपण लिहिलं. तिसऱ्या दिवशी वरिष्ठ बाईंनी नुसतं पाहून विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" नकलाकाराचं होतं. त्याने चुकून पुढच्या ओळीतला शब्द आधी लिहिला आणि खोडला, एवढीच ती 'प्रतिभेची खूण'.

कीट्सच्या स्वतःच्या हातच्या खाडाखोडी मात्र पाहण्यासारख्या आहेत, त्यांचा आनंद जरूर घ्या. चॅपमनने केलेल्या होमरच्या इंग्रजी भाषांतरावरचं सुनीत ऑक्टोबर 1816 मधलं. रात्रभर क्लार्कसोबत वाचन झालं, पहाटे कीट्स चालत घरी गेला आणि सकाळी दहाच्या सुमारास कविता क्लार्कच्या टेबलावर पोचली होती. हार्वर्डच्या कागदावर होमरच्या कपाळाला आधी 'लो' म्हटलंय, मग 'डीप'. नाइटिंगेलच्या खर्ड्यात ती प्रसिद्ध सागरावर उघडणारी खिडकी आहे, तिथे समुद्राला आधी 'कीललेस' असं विशेषण होतं, म्हणजे जिथे एकही जहाज फिरकत नाही असा. मग ते गेलं आणि 'पेरिलस' आलं. पहिल्या शब्दात नुसतं चित्र होतं, दुसऱ्यात भय आलं.

याच खर्ड्याची एक गोष्ट प्रत्येक पुस्तकात असते. 1819 च्या वसंतात कीट्स न्याहारीनंतर खुर्ची घेऊन झाडाखाली बसला, दोन-तीन तासांनी आत आला आणि हातातले कागदाचे कपटे पुस्तकांमागे कोंबू लागला. ब्राउनने ते चार-पाच कपटे सोडवून कवितेची जुळणी केली. छान गोष्ट आहे. पण ब्राउनने ती लिहिली घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, आणि फिट्झविल्यममधला खर्डा चार-पाच कपट्यांचा नसून दोन अर्ध्या तावांचा आहे. ब्राउन खोटं बोलला असं नाही. आठवणीत कपटे वाढतात.

'टू ऑटम'चा खर्डा हार्वर्डला आहे. कविता 19 सप्टेंबर 1819 ची, विंचेस्टरची. 21 तारखेला रेनल्ड्स या मित्राला लिहिलेल्या पत्रात कापणी झालेल्या शेतांचा रंग आपल्याला किती भावला ते कीट्स सांगतो, आणि त्याच सुमारास वुडहाउसला पाठवलेल्या पत्रात कविताच उतरवून देतो. म्हणजे एकाच आठवड्यात खर्डा, स्वच्छ प्रत आणि कवितेमागचा अनुभव, तिन्ही कागदावर आली. असं भाग्य क्वचित मिळतं. तुम्हाला एकच कविता तपशिलात घ्यायची असेल तर हीच घ्या. शेवटच्या ओळीत खर्ड्यात पाकोळ्या 'गॅदर्ड' आहेत, म्हणजे जमलेल्या. छापील पुस्तकात त्या 'गॅदरिंग' आहेत, म्हणजे अजून जमताहेत. शरद संपला आणि संपत आला यातलं सगळं अंतर त्या एका प्रत्ययात आहे. हा खर्डा जॉर्जने 1839 मध्ये लुइव्हिलमध्ये एका तरुणीला भेट दिला आणि हातोहात फिरत तो शेवटी एमी लोवेलकडे आला. जॉर्जने तो ज्या सहजपणे देऊन टाकला, ते पाहून माझ्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. पण घरात ठेवला असता तर जेफ्रीच्या हाती लागला असता, तेव्हा बरंच झालं म्हणायचं.

मग हस्तलिखित खरं की छापील? 'द ईव्ह ऑफ सेंट ॲग्नेस' घ्या. तिचा खर्डा हार्वर्डला आहे, सुरुवातीची सात कडवी नसलेला. सप्टेंबर 1819 मध्ये कीट्सने त्यात बदल केले. प्रेमिकांचं मीलन जरा उघड केलं. वुडहाउसने टेलरला कळवलं की आता ही कविता स्त्रियांच्या हाती देण्यासारखी राहिली नाही, आणि टेलर भडकला. 1820 च्या पुस्तकात जे छापलं गेलं त्यात कीट्सचं किती, प्रकाशकाच्या धाकाचं किती, यावर जॅक स्टिलिंजर या अभ्यासकाने आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. खर्डा हा कवीचा पहिला विचार असतो, शेवटचा नव्हे. बदल केले तेही कीट्सनेच, आणि काही ठिकाणी छपाईला होकार दिला तोही त्यानेच. त्यामुळे 'अस्सल कीट्स' एका कागदावर सापडेल ही आशा सोडा. स्टिलिंजरने संपादलेली कवितांची 1978 ची आवृत्ती उजवीकडे आणि स्कॅन डावीकडे, असंच वाचा.

पत्रांना वेगळी नजर लागते. कीट्सच्या काळी टपालाचा खर्च घेणाऱ्याच्या माथी पडायचा आणि तो अंतरावर नि तावांच्या संख्येवर ठरायचा. पाकीट म्हणजे आणखी एक ताव, म्हणून पाकीट नाहीच. एकच मोठा ताव लिहायचा, घडी घालायची, बाहेर राहिलेल्या भागावर पत्ता आणि लाखेचा शिक्का. पत्र फोडताना लाखेबरोबर कागदाचा टवका निघायचा आणि दोन-चार शब्द कायमचे जायचे. छापील संग्रहात कंसातले शब्द दिसतात ते बऱ्याचदा या टवक्यांतले, संपादकाने तर्काने भरलेले. जागा संपली की ताव आडवा धरून लिहिलेल्या ओळींवरच काटकोनात दुसऱ्या ओळी लिहायच्या. आपल्याकडची घसट्या मोडीतली पत्रं वाचलेल्या माणसालाही हा प्रकार डोळ्यांत पाणी आणतो. स्कॅन मोठा करून, फिरवून वाचा. कीट्स तारीख नीट घालत नसे, तेव्हा टपालाचा ठसा हीच खरी तारीख. तोच ठसा बनावट पत्रं पकडायलाही कामी येतो. 1852 मध्ये कीट्सचा समकालीन कवी शेली याच्या पत्रांचं एक पुस्तक कवी ब्राउनिंगच्या प्रस्तावनेसह निघालं आणि पत्रं बनावट निघाली, पुस्तक मागे घ्यावं लागलं. त्याच बनावटकाराने कीट्सचीही पत्रं 'तयार' केली होती.

जॉर्जला अमेरिकेत पाठवलेली पत्रं आठवडेच्या आठवडे लिहिली जायची. 14 फेब्रुवारी ते 3 मे 1819 चं पत्र त्यातलं सर्वांत मोठं, आणि ते मूळ रूपात हार्वर्डला आहे. शेजाऱ्यांच्या कुचाळक्या, क्रिकेट खेळताना चेंडू लागून काळानिळा झालेला डोळा, जग म्हणजे आत्मा घडवण्याची दरी हा तो गाजलेला विचार, आणि मध्येच काही प्रस्तावना नसताना 'ला बेल दाम सां मर्सी' ही कविता. कवितेखाली लगेच थट्टा: कवितेत डोळ्यांवरची चुंबनं चारच का, तर माझ्या प्रतिभेच्या उधळलेल्या घोड्याला लगाम हवा म्हणून, आणि दोन्ही डोळ्यांना सारखा न्याय मिळावा म्हणून. पुढे मे 1820 मध्ये ही कविता छापून आली तेव्हा तिच्यातला 'नाइट-ॲट-आर्म्स' म्हणजे शस्त्रधारी वीर जाऊन 'रेचिड वाइट' म्हणजे बिचारा दुःखी माणूस आला आणि ती चार चुंबनंही गेली. इथे मात्र वाचकांनी छापील पाठ नाकारून हस्तलिखितांच्या वळणाचा पाठ उचलला, आणि माझ्या मते योग्य केलं.

संदर्भ तुटला की काय होतं ते 'धिस लिव्हिंग हँड' या आठ ओळींवरून पाहा. मरणाऱ्या माणसाने जिवंत वाचकापुढे हात करावा तशा त्या ओळी 1898 मध्ये पहिल्यांदा छापल्या गेल्या आणि कीट्सची प्रेयसी फॅनी ब्रॉन हिला उद्देशून म्हणून मिरवल्या. होटनमधला कागद पाहा. त्या ओळी एका विनोदी दीर्घकवितेच्या खर्ड्यातल्या कागदावर मोकळ्या जागेत लिहिलेल्या आहेत. कुणाला उद्देशून, ते कागद सांगत नाही. कदाचित नाटकातल्या एखाद्या पात्रासाठी टिपलेल्या असतील.

फॅनी ब्रॉनला लिहिलेली पत्रं तिच्या मृत्यूनंतर 1878 मध्ये छापली गेली आणि लोकांनी नाकं मुरडली. 1885 मध्ये तिच्या मुलाकडची पत्रं लिलावात निघाली, ऑस्कर वाइल्डने त्यावर चिडून सुनीत लिहिलं, आणि पत्रं घरोघर पांगली. तिने कीट्सला लिहिलेलं मात्र एकही पत्र कुठल्याच संग्रहात नाही. रोमला आलेली तिची शेवटची पत्रं उघडण्याचं धैर्य त्याला झालं नाही, ती न फोडताच त्याच्यासोबत पुरली. म्हणून या प्रेमकथेवर लिहिताना लक्षात ठेवा की तुमच्यापुढे एकाच बाजूचे कागद आहेत.

कागद-शाईचं थोडक्यात. त्या काळचा कागद चिंध्यांचा, म्हणून दोनशे वर्षांनी आपल्या 1950 च्या वर्तमानपत्रापेक्षा ठणठणीत. शाई मायफळ आणि हिराकस यांची, ती हळूहळू तपकिरी होते आणि जिथे दाट पडली तिथे कागद खाते. आपल्या जुन्या दप्तरांच्या रुमालांतल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांवरची काजळाची शाई या बाबतीत गुणी. स्कॅनमध्ये खोडलेला शब्द लागत नसेल तर यामुळेच. प्रत्यक्ष जाण्याचा योग आला तर शिसपेन्सिल न्या, हात धुऊन कोरडे करा. हातमोजे लागत नाहीत, त्यांनी उलट कागद फाटतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी रोलिन्सच्या दोन खंडांतून 1819 ची पत्रं वाचा. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर मूळ कुठे आहे किंवा कुणाची नक्कल आहे ते दिलेलं असतं, ते वहीत उतरवा. मग होटनच्या संकेतस्थळावर 'टू ऑटम'चा खर्डा आणि वुडहाउसला पाठवलेली प्रत शेजारी शेजारी उघडा आणि स्वतःच्या हाताने ओळ न् ओळ उतरवून काढा, खोडलेल्या शब्दांसकट. दोन संध्याकाळी जातील. केंब्रिजचा नाइटिंगेल उजेडाला जपावा लागतो, म्हणून कायम मांडलेला नसतो. तिकडे जायचं ठरलं तर आधी लिहून विचारा, आणि पत्रात कुठली ओळ कशासाठी पाहायची आहे ते स्पष्ट लिहा.